एक्सएमएल आहे म्हणून फाइल खुली होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील कार्यालयीन सॉफ्टवेअरवरचा लेख वाचला. हल्ली वर्ड असो, एक्सेल असो की लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर, सगळ्यांच्या फाइली आतून एक्सएमएलच (मजकुराची रचना खुणांनी लिहून ठेवायची एक सर्वमान्य पद्धत) असतात, तेव्हा एखाद्या कंपनीच्या दावणीला बांधले जाण्याची भीती आता उरलेली नाही, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. लेख मेहनतीने लिहिला आहे, पण हा निष्कर्ष मला पटला नाही. मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. लेखकांकडून येतील त्या फाइली घ्यायच्या, त्यांतला मजकूर तळटिपांसकट, तक्त्यांसकट सुखरूप बाहेर काढायचा आणि पानांवर बसवायचा, हे माझे रोजचे काम. असे काम करणाऱ्याला फाइलच्या पोटात शिरावेच लागते, आणि तिथे जे दिसते ते लेखातल्या चित्राशी जुळत नाही.

लेखात जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. वर्डच्या जुन्या 'डॉक' फाइलीचा आतला भाग बायनरी, म्हणजे फक्त यंत्राला कळेल अशा रूपात होता. त्या स्वरूपाची कागदपत्रे मायक्रोसॉफ्टने कुणालाही उतरवून घेता येतील अशी खुली केली ती २००८च्या फेब्रुवारीत. तोवर इतर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे काम बरेचसे फाइली चाचपत, अंदाज बांधत चालले होते. त्या मानाने आजची 'डॉकएक्स' फाइल म्हणजे निव्वळ एक झिप, अनेक फाइली एकत्र बांधलेले गाठोडे. नावाच्या शेवटी 'डॉकएक्स'ऐवजी 'झिप' लिहा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल'. शैली एका वेगळ्या फाइलीत, तळटिपा आणखी एका, चित्रे 'मीडिया' फोल्डरात. लिब्रेऑफिसची 'ओडीटी' फाइलही तशीच झिप, तिचा मजकूर 'कंटेंट डॉट एक्सएमएल'मध्ये. उघडायला नकार देणाऱ्या फाइलींतून मी याच वाटेने मजकूर वाचवला आहे. लेखकाने पानावर चिमुकले करून टाकलेले चित्र मूळ आकारात हवे असेल, तर ते आजही 'मीडिया'तूनच उचलते. १९९८ साली वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एक्सएमएलची पहिली शिफारस प्रसिद्ध केली, त्याचे हे फळ, आणि ते लहान नाही.

पण एक्सएमएल नेमके ठरवते काय? खुणा कशा लिहायच्या, कुठे उघडायच्या, कुठे मिटायच्या, एकीच्या पोटात दुसरी कशी बसवायची, एवढेच. त्या खुणेचा अर्थ काय आणि ती भेटल्यावर सॉफ्टवेअरने काय करायचे, याबद्दल एक्सएमएल अवाक्षर काढत नाही. देवनागरी वाचता येते म्हणून नेपाळी कळतेच असे नाही. अक्षरे लागतात, एखाददुसरा शब्द ओळखीचा निघतो, पण वाक्य समजून घ्यायला ती भाषा जाणणारा माणूस लागतो. शिवाय नुसत्या डोळ्यांनी वाचता येणारी फाइल ही काही एक्सएमएलची नवलाई नव्हे. 'आरटीएफ' या मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या स्वरूपातली फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा, तीही साध्या अक्षरांतच लिहिलेली असते आणि तिचा तपशील मायक्रोसॉफ्ट स्वतः प्रसिद्ध करत असे. मात्र तो तपशील ठरवणारी कंपनी एकच. वर्डची नवी आवृत्ती आली की नव्या खुणा वाढायच्या आणि बाकीच्यांनी मागून पळायचे. आरटीएफ वाचता येत होती, पण तिच्यावर हक्क सगळ्यांचा नव्हता.

लेखात 'ऑफिस ओपन एक्सएमएल' (ओओएक्सएमएल, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉकएक्ससारख्या फाइलींचे स्वरूप) हे आंतरराष्ट्रीय मानक असल्याचे एका वाक्यात सांगून विषय संपवला आहे. मानक आहेच. पण ते झाले कसे, हे दोन ओळींत तरी यायला हवे होते. एक्मा या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २००६च्या डिसेंबरात सुमारे ६,००० पानांचा मसुदा मंजूर केला आणि तो जलदगती मार्गाने आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेकडे गेला. (त्याआधीच मानक झालेल्या ओडीएफचा, म्हणजे ओडीटी ज्यात मोडते त्या स्वरूपाचा, दस्त ७०० पानांच्या आसपास होता.) २००७च्या सप्टेंबरातील मतदानात हा मसुदा पडला. मग २००८च्या फेब्रुवारीत जिनिव्हात पाच दिवसांची बैठक भरली. हजाराहून अधिक आक्षेपांचा निकाल त्या पाच दिवसांत लावायचा होता. एकेकावर चर्चा होणे शक्यच नव्हते, त्यामुळे बहुतेक आक्षेप चर्चेविनाच मतदानाने निकालात निघाले. त्यानंतर 'आयएसओ/आयईसी २९५००' मंजूर झाले. भारताने त्याच्या विरोधात मत दिले होते. ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्याप्रमाणे अपीलही केले होते. ती अपिले फेटाळली गेली.

मला स्वतःला त्या राजकारणापेक्षा मसुद्यातल्या काही खुणांमध्ये जास्त रस आहे, कारण त्या थेट माझ्या धंद्याशी येऊन भिडतात. मूळ मसुद्यात 'ऑटो स्पेस लाइक वर्ड ९५' नावाची एक खूण होती. 'लाइन रॅप लाइक वर्ड ६' ही दुसरी. तळटिपा जुन्या वर्डप्रमाणे मांडा, असे सांगणारीही एक होती. म्हणजे अमुक अंतर ठेवा, ओळ अमुक ठिकाणी मोडा असे सांगायचे नाही. त्या वर्षीचा वर्ड जे करत असे ते करा, एवढेच. आणि तो वर्ड काय करत असे? तर ते वर्तन शब्दांत नेमके उतरवता येण्यासारखे नाही, हुबेहूब हवे असेल तर त्या जुन्या सॉफ्टवेअरची नक्कल करा, असे मसुद्यातच म्हटले होते. खूण एक्सएमएलमध्ये, शुद्ध, नियमात बसणारी. तिचा अर्थ मात्र एका जुन्या प्रोग्रॅमच्या आत, आणि तो प्रोग्रॅम एका कंपनीचा. इतके नेमके उदाहरण शोधूनही सापडले नसते.

याच मसुद्यातले दुसरे एक प्रकरण पाहा, ज्याची त्या काळी भरपूर टिंगल झाली. एक्सेलच्या जुन्या दिनांक-पद्धतीत १९०० हे लीप वर्ष धरलेले आहे. ते लीप वर्ष नव्हते. तरी एक्सेलच्या लेखी २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे आणि त्याचा अनुक्रमांक ६०. ही चूक मूळची लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट सॉफ्टवेअरची. त्या सॉफ्टवेअरच्या फाइलींशी हिशेब जुळावेत म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून पुढे चालवली, आणि मग ती मसुद्यातही आली. आंतरराष्ट्रीय मानकात चुकीचे कॅलेंडर, म्हणून लोक हसले. मला हे प्रकरण त्या 'वर्ड ९५'पेक्षा कितीतरी सुसह्य वाटते. चूक आहे, पण ती कुठे आहे आणि किती दिवसांची आहे हे लिहून ठेवले आहे. कुणीही प्रोग्रॅमर ती वाचून आपल्या कोडमध्ये तशीच उतरवू शकतो. न लिहिलेला बरोबरपणा माझ्या काहीच उपयोगाचा नाही.

आक्षेपांनंतर मानकाचे दोन भाग पडले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. 'स्ट्रिक्ट' हा स्वच्छ भाग. जुने ओझे 'ट्रान्झिशनल' या भागात, म्हणजे संक्रमणापुरते, आणि त्या विचित्र खुणांचे स्पष्टीकरणही वाढवले गेले. झाले ते चांगलेच. पण मग ऑफिस २०१०ला स्ट्रिक्ट फाइल फक्त वाचता येत होती. २०१३पासून ती लिहिताही येते, मात्र त्यासाठी 'सेव्ह अ‍ॅज'च्या यादीत खाली जाऊन ती मुद्दाम निवडावी लागते. न निवडल्यास फाइल ट्रान्झिशनलमध्ये जाते. दोन्हींचा शेपटा 'डॉकएक्स'च, त्यामुळे बाहेरून कळायला मार्ग नाही. माझ्याकडे आपणहून कुणी स्ट्रिक्ट फाइल पाठवल्याचे मला आठवत नाही, आणि पाठवावी तरी कशाला, हे नाव किती लेखकांनी ऐकले असेल? संक्रमण इतकी वर्षे चालू आहे की आता त्यालाच घर म्हणायचे. खुलेपणाचा प्रश्न मानकाच्या पानांवर सुटत नाही. सेव्हचे बटण दाबल्यावर काय घडते, तिथे तो सुटतो किंवा अडतो, आणि बहुतेक चर्चा नेमकी ही जागा सोडून होते.

झिपच्या आतले सगळे एक्सएमएल असते हेही खरे नाही. मॅक्रो, म्हणजे फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, असलेल्या फाइलीत 'व्हीबीएप्रोजेक्ट डॉट बिन' सापडेल. वर्डमध्ये एखादी वस्तू दुसऱ्या प्रोग्रॅममधून आणून चिकटवली असेल तर तीही बऱ्याचदा 'बिन' फाइल म्हणून बसलेली असते. एक्सेलच्या फाइलींत प्रिंटरच्या सेटिंगचेही एक बायनरी गाठोडे मिळते. आणि पासवर्ड घातलेली 'डॉकएक्स' तर झिपच राहत नाही. जुन्या 'डॉक'ची जी पेटी होती तीच पुन्हा वर, आणि मूळ झिप तिच्यात कुलूपबंद. यांतल्या बहुतेकांची माहिती कंपनीने प्रसिद्ध केलेली आहे, लपवलेली नाही. पण २९५०० या मानकात ती नाही. ज्या संस्थेची सगळी हिशेबव्यवस्था मॅक्रोंवर चालते तिला 'तुमच्या फाइली आता एक्सएमएल आहेत' असे सांगणे म्हणजे शुद्ध फसवणूक, कारण तिचा जीव त्या 'बिन'मध्ये आहे.

आता ओडीएफकडे वळते, नाहीतर मी पक्षपाती ठरेन. मी स्वतः लिब्रेऑफिस वापरते आणि माझा कल तिकडेच आहे. ओडीएफला ओएसिस या मानक संस्थेने २००५च्या मे महिन्यात मान्यता दिली, २००६मध्ये ते 'आयएसओ/आयईसी २६३००' झाले. पण त्या पहिल्या मानकात स्प्रेडशीटमधली सूत्रे कशी लिहायची हेच ठरवलेले नव्हते! सूत्राला जागा होती, त्याची भाषा नव्हती. ती आली २०११च्या १.२ या आवृत्तीत, 'ओपनफॉर्म्युला' या नावाने. मधल्या काळात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २००९मध्ये ऑफिस २००७च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ओडीएफ वाचायला-लिहायला सुरुवात केली. इतर सॉफ्टवेअरने बनवलेली ओडीएफ स्प्रेडशीट त्यात उघडली की सूत्रे गळून पडत आणि शेवटचे आकडे तेवढे उरत. बेरीज दिसे, पण वरचा आकडा बदलला तरी ती हलत नसे. दोन्ही बाजूंच्या फाइली नियमात बसत होत्या, एक्सएमएल दोन्हीकडे शुद्ध होते, आणि मानकाने सूत्रांबद्दल मौन पाळल्यामुळे नियम मोडला असे कुणालाच म्हणता येत नव्हते. मानक अपुरे असले की त्याचे शंभर टक्के पालन करूनही माणसे एकमेकांपासून तुटतात.

लिब्रेऑफिसच्या फाइलीतील 'सेटिंग्ज डॉट एक्सएमएल' उघडून पाहिली तर तिथेही जुन्या आवृत्त्यांप्रमाणे ओळींमधले अंतर मोजा वगैरे सांगणारे खटके सापडतात, आणि प्रिंटरची माहिती तर अगम्य अक्षरांच्या लांबलचक सरीत कोंबलेली असते, तीही एक्सएमएलच्याच खुणेत. शिवाय लिब्रेऑफिस आपणहून जे सेव्ह करते ते 'एक्स्टेंडेड' ओडीएफ, म्हणजे मानक अधिक स्वतःच्या काही खुणा. फरक एवढाच, आणि तो माझ्या लेखी फार मोठा आहे, की ती खूण पाहून नेमके काय केले जाते हे जाणून घ्यायचे असेल तर त्या प्रोग्रॅमचे कोड कुणालाही वाचता येते. मानकात जे राहून गेले ते तिथे सापडते.

आपले वाचक मराठी आहेत म्हणून आपल्या लिपीचेही सांगते. वर्डच्या फाइलीत अक्षरे ठळक करण्याच्या खुणा दोन असतात: एक रोमनसारख्या लिप्यांसाठी, दुसरी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'साठी, म्हणजे देवनागरी, अरबी वगैरेंसाठी. आकाराच्याही दोन. फॉन्टचे नावही वेगवेगळे लिहिता येते. ओडीएफमध्येही तशीच विभागणी आहे. लिब्रेऑफिसमध्ये 'सीटीएल फॉन्ट' म्हणून वेगळा रकाना दिसतो तो त्यामुळेच. हे सगळे मानकात नीट लिहिलेले आहे. तरी रूपांतर करणारी कितीतरी साधने फक्त पहिली खूण वाचतात. मग परिच्छेदातला इंग्रजी शब्द ठळक राहतो आणि त्याच्या शेजारचे मराठी शीर्षक साधे होऊन बसते. बारा पॉइंटचा मजकूर दहाचा होतो. लेखकाला वाटते मी गोंधळ घातला. मानक खुले, लिखित, सविस्तर, पण ज्यांनी ते राबवायचे त्यांनी आपल्या लिपीचे पान उलटलेच नाही, तर ते खुलेपण आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

याहून मोठी गोम जुन्या फॉन्टांची. युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टांत जुळवलेला मजकूर पुढे कुणीतरी 'डॉकएक्स' म्हणून सेव्ह करतो आणि समजतो की फाइल आधुनिक झाली. कृतिदेव फॉन्टात 'मराठी' असे जुळवले, तर फाइलच्या आत 'मराठी' नसतेच. तिथे ई, जे, के, कॅपिटल बी आणि स्मॉल एच ही पाच इंग्रजी अक्षरे असतात. ती मराठी दिसतात ती फॉन्टने प्रत्येक अक्षराच्या जागी आपला आकार बसवल्यामुळे. एक्सएमएल तपासणारा कोणताही प्रोग्रॅम या फाइलीला निर्दोष ठरवील. पण तिच्यात 'मराठी' शोधा, सापडणार नाही. हा मजकूर कृतिदेवचा आहे हे सांगणारा एकच धागा आत असतो, तो म्हणजे फॉन्टचे नाव. फाइल फिरता फिरता कुणी 'सगळे सिलेक्ट करून' फॉन्ट बदलला की तोही तुटतो. इथे दोष मायक्रोसॉफ्टचा नाही, ओडीएफचा नाही, एक्सएमएलचा तर मुळीच नाही. पण 'एक्सएमएल म्हणजे खुले' हे समीकरण किती पोकळ आहे ते या एका उदाहरणात दिसते.

फॉन्टावरून आणखी एक. पान कुठे तुटेल हे सहसा फाइलमध्ये लिहिलेले नसते; ते सॉफ्टवेअर दर वेळी नव्याने ठरवते, आणि हाताशी असलेल्या फॉन्टच्या रुंदीवर ठरवते. कॅलिब्री नसलेल्या यंत्रावर तिच्याच मापाचा कार्लिटो असला तर निभावते, नसला तर पाने सरकतात. पानेच जशीच्या तशी हवी असतील तर पीडीएफ आहे. त्याबद्दल एक्सएमएलला दोष देण्यात अर्थ नाही.

पेटंटचा विषय लेखात आलाच नाही. एक्सएमएल कुणीही वापरावे, त्याला परवाना लागत नाही, हे ठीक. पण एक्सएमएलने काय करायचे यावर पेटंट असू शकते. वर्डमधल्या 'कस्टम एक्सएमएल' या सोयीवरून आयफोरआय या कॅनडातील कंपनीने मायक्रोसॉफ्टवरच दावा लावला, २००९मध्ये टेक्सासच्या न्यायालयात तो जिंकला आणि २०११मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. नुकसानभरपाई सुमारे २९ कोटी डॉलर, शिवाय वर्डमधून ती सोय काढून टाकावी लागली. एवढ्या बलाढ्य कंपनीची ही गत, तर चारदोन जण मिळून सॉफ्टवेअर लिहितात त्यांनी काय करावे? म्हणूनच मानकाच्या बरोबरीने, ते राबवणाऱ्यावर पेटंटचा दावा लावणार नाही, हे मानक मांडणाऱ्यांचे लेखी वचन लागते. ओडीएफ आणि ओओएक्सएमएल या दोन्हींमागे असलेल्या कंपन्यांनी तशी वचने दिलेली आहेत, पण तिसऱ्या कुणाचे पेटंट निघाले तर त्यांचा उपयोग नाही.

एखादे सॉफ्टवेअर खुले आहे का असे कुणी मला विचारले, तर मी त्याच्या जाहिरातीत एक्सएमएल शोधत नाही. तळटिपा, तक्ता, ठळक मराठी शीर्षक आणि दुरुस्त्यांच्या नोंदी असलेली एक फाइल घेते. ती एका सॉफ्टवेअरमध्ये बनवायची, दुसऱ्याच कुणीतरी स्वतंत्रपणे लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दोन शब्द बदलायचे, सेव्ह करायची आणि पुन्हा पहिल्यात उघडायची. काय गळले, काय हलले ते पाहायचे. कोणतेही सेटिंग न बदलता हे करायचे, कारण सामान्य माणूस सेटिंग बदलत नाही. आजच्या घडीला साधा गद्य मजकूर यातून बहुधा सुखरूप बाहेर पडतो, आणि हे वीस वर्षांपूर्वी नव्हते. गुंतागुंतीचे तक्ते आणि मॅक्रो पडत नाहीत.

जाता जाता आपल्याकडे एक मागणी. लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये आपण 'मजकूर वर्ड फाइलमध्येच पाठवावा' असे छापता. त्याऐवजी 'युनिकोडमध्ये पाठवावा. डॉकएक्स, ओडीटी किंवा साधी टेक्स्ट फाइल चालेल' असे छापता येईल का? संपादकीय विभागातील यंत्रांवर या तिन्ही फाइली उघडायला नवे काही विकत घ्यावे लागणार नाही. हे पत्र ओडीटी आणि साधा मजकूर अशा दोन्ही रूपांत सोबत जोडले आहे. त्यांपैकी कोणते उघडले नाही तर तेवढे कळवावे.

आपली,
एक नियमित वाचक
(अक्षरजुळणी व ग्रंथमांडणी)